एकाच टेबलात 62 कॉलम: कोडमध्ये त्यांचे गट कसे पाडावेत?

भट्टी_आणि_कोड
नमस्कार मंडळी. फाउंड्रीच्या सॉफ्टवेअरबद्दल प्रश्न आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागात नोड्युलर आणि ग्रे आयर्न (ओतीव लोखंडाचे दोन प्रकार) ओतणाऱ्या कारखान्यांत असते तशी ही 'हीट' टेबल. हीट म्हणजे भट्टीतला एक वितळ. डेटाबेस पोस्टग्रेस, कोड जावामध्ये, टेबल आणि क्लास जोडायला हायबरनेट 6. एका हीटची एक ओळ आणि कॉलम 62. हिशेब असा:

ओळख (हीट नंबर, तारीख, शिफ्ट, भट्टी वगैरे) 6, चार्ज मिक्स 11, ट्रीटमेंटआधीचा बेस नमुना 9, अंतिम नमुना 10, तापमान आणि वेळा 8, लॅडल ट्रीटमेंट (ओतायच्या भांड्यात मॅग्नेशियम देणं) 7, हार्डनेस-टेन्साइल 6, मंजुरी 5.

सध्या 'हीट' क्लासमध्ये 62 फील्ड सरळ एकाखाली एक आहेत. बेस_सी, अंतिम_सी, बेस_एसआय, अंतिम_एसआय अशी नावं. कुणी घाईत एकाच्या जागी दुसरं लिहिलं तरी कंपायलर काही बोलत नाही, कारण दोन्ही दशांश आकडेच. मला हीट.अंतिम.सिलिकॉन असं लिहायचं आहे. टेबल मात्र मोडायची नाही. स्पेक्ट्रोची (धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राची) इंपोर्ट स्क्रिप्ट थेट त्यात लिहिते आणि रिपोर्टच्या क्वेऱ्याही त्याच कॉलमवर आहेत. इन्हेरिटन्स, वेगळ्या टेबला, एम्बेडेड, यातलं काय घ्यावं?

रंकाळ्याकाठी
एम्बेडेड. तुमची गरज त्यातच बसते: टेबल एक, क्लास अनेक.

'रसायन' नावाचा क्लास करा, त्यावर @एम्बेडेबल लावा. 'हीट'मध्ये त्याच प्रकारची दोन फील्ड ठेवा, बेस आणि अंतिम, दोन्हींवर @एम्बेडेड. एकच क्लास दोनदा आल्यामुळे प्रत्येक फील्डला कुठला कॉलम हे @अॅट्रिब्यूटओव्हरराइडने सांगावं लागेल. नऊ-नऊ ओळींचा मजकूर होतो, पण एकदाच लिहायचा आहे.

इथे एक खड्डा आहे. ओव्हरराइड विसरलात तर अॅप सुरू होतानाच 'कॉलम दोनदा मॅप झालाय' अशी चूक येते, आणि हायबरनेट त्याच वाक्यात सुचवतं की इन्सर्टेबल आणि अपडेटेबल फॉल्स करा. तसं करू नका. चूक गायब होते, अॅप चालू होतं, पण दुसरा नमुना कधीच सेव्ह होत नाही. कुठेही लाल अक्षर दिसत नाही, फक्त कॉलम रिकामे राहतात.

नावं आपोआप लागावीत म्हणून काही जण नेमिंग स्ट्रॅटेजी बदलून पूर्ण पाथवरून नाव घ्यायला लावतात. ती सेटिंग सगळ्या प्रोजेक्टला लागू होते. जुन्या टेबलांची न लिहिलेली नावंही बदलतील. चालू सिस्टिमला हात लावताना ओव्हरराइडच बरे.

काटा_पावती
माझं मत वेगळं आहे. ही टेबलच चुकीची आहे. हीट आयडी, टप्पा, मूलद्रव्य, टक्के अशा चार कॉलमची वेगळी टेबल करा. उद्या टिन किंवा निकेल मोजायला लागलात तर फक्त ओळ वाढेल, कॉलम नाही. आज कोडमध्ये गट पाडणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं.

पंचगंगा_घाट
काटा_पावती, नेमका इथेच तो उपाय महाग पडतो. स्पेक्ट्रोचा कॉइन (नमुन्याची चकती) जाळला की सगळी मूलद्रव्यं एका झटक्यात येतात, एकत्रच तपासली जातात, एकत्रच छापली जातात. त्यांच्या ओळी केल्या की एका हीटचा एक साधा रिपोर्ट काढायला दोन टप्प्यांची मिळून 15 मूल्यं पुन्हा आडवी करायची. शिवाय 'कार्बन आणि सिलिकॉन दोन्ही हवेतच' हा नियम आज एका ओळीवर साध्या चेकने लागतो. उभ्या टेबलात त्यासाठी ट्रिगर लिहावा लागेल.

62 कॉलमची भीती बाळगू नका. पोस्टग्रेसची मर्यादा 1600 आहे. रिकामा कॉलम ओळीच्या सुरुवातीच्या बिटमॅपमध्ये एक बिट घेतो, बास. 3.4200 सारखा न्यूमेरिक आकडा साधारण 7 बाईट. सगळं भरलं तरी ओळ अर्धा केबीच्या आसपास, म्हणजे टोस्टची (मोठी मूल्यं बाजूला साठवण्याच्या सोयीची) 2 केबीची रेघ बरीच लांब. आणि नल चालणारा नवा कॉलम जोडताना टेबल पुन्हा लिहिली जात नाही. निकेलसाठी कॉलम वाढवणं हे क्षणाचं काम आहे.

गगनबावडा_घाटवळण
इन्हेरिटन्स तर नकोच. हीट म्हणजे रसायन नव्हे. आणि एकच पूर्वज दोनदा घेता येत नाही, तुम्हाला तर नमुने दोन आहेत. जँगोमध्ये अॅबस्ट्रॅक्ट मॉडेल वापरणारे इथेच अडकतात: पहिली प्रत मिळते, दुसरीला जागाच नाही.

भट्टी_आणि_कोड
रंकाळ्याकाठी, पंचगंगा, दोघांचे आभार. एम्बेडेड करून बघितलं. लिहायला फार छान वाटतं. आता अडचण अशी: हीट नोंदवली, पण अंतिम कॉइन अजून जाळलेला नाही. अशी ओळ वाचली की हीट.अंतिम हाच नल येतो आणि स्क्रीन पडते. मी तर कन्स्ट्रक्टरमध्ये रिकामा रसायन भरून ठेवला होता.

रंकाळ्याकाठी
गटातले सगळे कॉलम नल असले की हायबरनेट तो गटच नल धरतं. तुम्ही रिकामी वस्तू भरून सेव्ह केलीत तरी टेबलात 'रिकामी वस्तू' आणि 'वस्तूच नाही' यांत फरक उरत नाही, म्हणून पुन्हा वाचताना नल. रिकामी वस्तू बनवायला लावणारी एक सेटिंग आहे, पण ती प्रायोगिक म्हणून दिलेली आहे. तिच्यावर घर बांधू नका.

माझ्या मते हा नल खरं बोलतोय: नमुना आलेलाच नाही. गेटरमधून ऑप्शनल परत करा, म्हणजे वापरणाऱ्याला दोन्ही शक्यता हाताळाव्याच लागतील. फील्ड मात्र ऑप्शनल प्रकाराचं करू नका, हायबरनेटला ते चालत नाही. अॅनोटेशन फील्डवर ठेवा आणि गेटर वेगळा लिहा.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली
यात प्रत्येक साधनाची रीत निराळी आहे, म्हणून दुसऱ्या भाषेतला सल्ला जसाच्या तसा उचलू नये. पीएचपीच्या डॉक्ट्रिनमध्ये एम्बेडेबल वस्तू कायम तयार होते, आत सगळं नल. तिथे 'वस्तू आहे का' ही तपासणी नेहमी खरीच येते. डॉटनेटच्या ईएफ कोअरमध्ये ओन्ड टाइपचे (तिथला एम्बेडेड गट) सगळे कॉलम ऐच्छिक असले तर रिकाम्या ओळीवर तो नल येतो आणि त्याबद्दल आधी इशाराही मिळतो. गटातला एक तरी कॉलम सक्तीचा ठेवला की 'आहे-नाही' त्यावरून ठरतं.

ईएफवाल्यांसाठी आणखी एक. ओन्ड टाइपला आतून लपलेली की असते. म्हणून एका हीटचं रसायन उचलून तीच वस्तू दुसऱ्या हीटला लावली तर ट्रॅकिंग कुरकुर करतं. ईएफ कोअर 8 पासून आलेले कॉम्प्लेक्स टाइप खरे मूल्यासारखे वागतात, लपलेली की नाही. फक्त 8 मध्ये ते नल असू शकत नव्हते. 'अजून न आलेला नमुना' तिथे बसत नाही. ती सोय 10 मध्ये आली.

जोतिबाचा_गुलाल
भावा, जेसनबी (पोस्टग्रेसचा जेसन साठवायचा प्रकार) लाव की एकच कॉलम! बेस एक, अंतिम एक. विषय संपला.

पंचगंगा_घाट
गुलाल, विषय तिथून सुरू होतो. 'सी' च्या जागी कुणी 'कार्बन' अशी की लिहिली तर डेटाबेस गप्प बसेल. सध्याच्या सगळ्या रिपोर्ट क्वेऱ्या बदलाव्या लागतील. जेसनबीला इथे एकच चांगली जागा आहे: स्पेक्ट्रोने दिलेलं पूर्ण वाचन, ज्यात रोज न पाहिली जाणारी मूलद्रव्यंही असतात, ते जसंच्या तसं एका कॉलममध्ये ठेवा. वाद झाला तर पुरावा राहतो. ज्या आकड्यांवर निर्णय होतो ते मात्र स्वतःच्या कॉलममध्येच हवेत.

जोतिबाचा_गुलाल
पटलं. तांबडा-पांढरा एकाच ताटात, पण वाट्या दोन. तसंच म्हणायचं नव्हं का?

पंचगंगा_घाट
अगदी तसंच!

आता भट्टी_आणि_कोड यांच्यासाठी महत्त्वाचं. कोडमध्ये गट केला म्हणजे गटाचा नियम डेटाबेसला कळला असं नाही. तुमची इंपोर्ट स्क्रिप्ट जावाला न विचारता लिहिते. म्हणून 'सगळे किंवा एकही नाही' हा नियम टेबलावरच लावा. पोस्टग्रेस 9.6 पासून नम_नॉननल्स हे फंक्शन आहे, किती आर्ग्युमेंट भरलेली आहेत ते मोजतं. अंतिम गटात नमुना क्रमांक, वेळ, कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस हे सात सक्तीचे धरा. चेक असा:

नम_नॉननल्स(अंतिम_क्रमांक, अंतिम_वेळ, अंतिम_सी, अंतिम_एसआय, अंतिम_एमएन, अंतिम_एस, अंतिम_पी) इन (0, 7)

क्रोमियम, तांबं, मॅग्नेशियम ऐच्छिक. पण त्यांच्यासाठी दुसरा चेक लागेल: अंतिम_क्रमांक नल असेल तर हे तिन्ही नल. नाहीतर बाकी गट रिकामा आणि तांबं एकटं भरलेलं अशी ओळ शिरेल, आणि हायबरनेट त्यावरून अर्धवट वस्तू बनवेल.

लावण्याचा क्रम:
1. आधी नियम मोडणाऱ्या ओळी सिलेक्टने काढून बघा.
2. चेक 'नॉट व्हॅलिड' म्हणून जोडा. नव्या लिखाणाला लगेच लागू होतो, जुन्या ओळी तपासत बसत नाही, त्यामुळे टेबल फार वेळ अडत नाही.
3. जुन्या ओळी दुरुस्त करा.
4. मग 'व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट' चालवा.

दोन आणि तीन यांच्यामध्ये एक अडचण येते. जुनी चुकीची ओळ दुसऱ्याच कारणासाठी अपडेट झाली, समजा फक्त मंजुरीची सही, तरी चेक नवी ओळ पूर्ण तपासतो आणि अपडेट नाकारतो. म्हणून ती दुरुस्ती 'नंतर बघू' म्हणून ठेवू नका, त्याच दिवशी उरका.

भट्टी_आणि_कोड
स्क्रिप्ट एकेक मूलद्रव्यासाठी वेगळं अपडेट टाकते. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आहे, चालेल ना?

पंचगंगा_घाट
नाही चालणार. पोस्टग्रेसमध्ये चेक डिफर करता, म्हणजे ट्रान्झॅक्शनच्या शेवटी ढकलता येत नाही, प्रत्येक वाक्याला तिथल्या तिथे तपासला जातो. पहिल्याच अपडेटला सातपैकी एक भरलेला दिसेल आणि ते पडेल. सातही कॉलम एकाच अपडेट वाक्यात घ्या. आणि मायएसक्यूएलवर कुणी हे करणार असेल तर आवृत्ती बघा: 8.0.16 च्या आधी चेक लिहिता येत होता, पण पाळला जात नव्हता. तिथे नम_नॉननल्सही नाही, प्रत्येक कॉलमचं 'इज नॉट नल' बेरजेत घ्यावं लागतं.

लॅडल_आणि_चिमटा
मी प्रोग्रॅमर कमी, ओतकामातला जास्त. गट कसे पाडलेत ते बघून दोन गोष्टी सांगतो.

'तापमान आणि वेळा 8' हा गट खरा गट नाही. टॅपिंग, ट्रीटमेंट, पहिलं पोअरिंग, शेवटचं पोअरिंग असे चार टप्पे आणि प्रत्येकाचं तापमान आणि वेळ, म्हणूनच आठ झाले ना? मग सगळी तापमानं एकत्र कशाला? टॅपिंगचं तापमान टॅपिंगच्या वेळेशी बांधलेलं आहे, पोअरिंगच्या तापमानाशी नाही. एकक सारखं म्हणून एका पोत्यात भरू नका. 'तापनोंद' असा दोन फील्डचा छोटा क्लास करा आणि चार वेळा वापरा.

दुसरं, कार्बन इक्विव्हॅलंट. कार्बन अधिक (सिलिकॉन अधिक फॉस्फरस) भागिले तीन. कार्बन 3.42, सिलिकॉन 2.10, फॉस्फरस 0.06 असेल तर 4.14. हे गणित रसायनाचं स्वतःचं आहे, ते त्याच क्लासमध्ये ठेवा. स्क्रीनवर वेगळं, रिपोर्टात वेगळं असं लिहिलं की एका ठिकाणी फॉस्फरस राहून जातो.

फेडिंगचा वेळ मात्र हीटचा. ट्रीटमेंटपासून शेवटच्या पोअरिंगपर्यंत किती मिनिटं गेली, हे दोन नोंदींमधलं अंतर आहे, एकाही तापनोंदीला एकटीला ते ठाऊक नाही. वेळ लांबला की मॅग्नेशियम उतरतं, ग्राफाइटच्या गाठी नीट बनत नाहीत. तसंच बेसमधल्या गंधकाचं. तो जास्त असेल तर मॅग्नेशियम त्यातच खपतं. हा नियम बेस आणि ट्रीटमेंट दोघांना बघून लावायचा, म्हणजे पुन्हा हीटमध्येच.

रंकाळ्याकाठी
लॅडल, ही कसोटी कुठल्याही टेबलाला लागू पडेल. एकाच वेळी भरले जातात का, एकत्रच रिकामे असतात का, त्यांचं स्वतःचं काही गणित किंवा नियम आहे का? तिन्हींना 'नाही' असेल तर तो गट फक्त दिसायला नीटनेटका. 'मंजुरी 5' त्याच नजरेने पुन्हा बघा.

भट्टी_आणि_कोड
मंजुरीत लॅबची सही-वेळ, क्वालिटीची सही-वेळ आणि एक शेरा आहे. म्हणजे 'सही' क्लास दोनदा आणि शेरा हीटवर मोकळा.

मॅग्नेशियमचं काय करू? बेसमध्ये तो कॉलमच नाही, म्हणून एक गट 9 चा आणि दुसरा 10 चा.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली
दोन्हींसाठी ऑप्शनल मॅग्नेशियम असलेला एकच क्लास करू नका. बेसला कॉलम नसलेलं फील्ड मॅप करता येणार नाही. एम्बेडेबलमध्ये एम्बेडेबल ठेवता येतो: 'अंतिमनमुना' मध्ये रसायन आणि मॅग्नेशियम. ओव्हरराइडमध्ये पाथ ठिपक्याने द्यायचा, रसायन.कार्बन असा.

लॅडल_आणि_चिमटा
आणि ग्रे आयर्नच्या हीटला अंतिम नमुन्यातही मॅग्नेशियम लागत नाही, म्हणून कॉलमवर नॉट नल टाकू नका. ग्रेड नोड्युलर असेल तरच सक्ती. ग्रेड हीटच्या ओळखीत आहे, तेव्हा हा नियमसुद्धा हीटकडे.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली
हे क्लास बदलता न येणारे ठेवा. साध्या सेटरवाल्या एम्बेडेबलची एकच वस्तू दोन हीटना दिली आणि एकीवर सिलिकॉन बदललं, तर सेव्ह करताना दोन्ही ओळी बदलतात. हायबरनेट 6.2 पासून जावाचा रेकॉर्ड सरळ एम्बेडेबल म्हणून चालतो. दुरुस्ती म्हणजे नवं रेकॉर्ड बनवून अख्खा गट बदलणं.

पण रेकॉर्डच्या कन्स्ट्रक्टरमध्ये कडक तपासणी घालायच्या आधी पंचगंगांच्या चारही पायऱ्या पूर्ण करा. डेटाबेसमधून वाचतानाही तोच कन्स्ट्रक्टर चालतो. एका जुन्या ओळीत कार्बन नल असला तर त्या ओळीसकट पूर्ण महिन्याची यादी उघडायची बंद होते.

गगनबावडा_घाटवळण
पायथनमध्ये हेच करणाऱ्यांसाठी: एसक्यूएलअल्केमीत कंपोझिट आहे, 2.0 पासून डेटाक्लासबरोबर सरळ जमतं. आतलं फील्ड जागच्या जागी बदललं तर तो बदल आपोआप टिपला जात नाही, म्युटेबलकंपोझिट लागतं. फ्रोझन डेटाक्लास वापरला की तो प्रश्नच उरत नाही.

काटा_पावती
यादीचा विषय निघालाच आहे तर विचारतो: दिवसाच्या हीटची यादी दाखवायला हीट नंबर, ग्रेड आणि कार्बन इक्विव्हॅलंट एवढंच लागतं. गट केले तरी 62 कॉलम वाचले जाणारच ना?

रंकाळ्याकाठी
हो. एम्बेडेड गट हा कोडचा गट आहे, वाचनाचा नाही. हायबरनेट तो ओळीबरोबरच आणतं. यादीसाठी वेगळं प्रोजेक्शन (लागतील तेवढेच कॉलम आणणारी क्वेरी) लिहा, क्वेरीत ह.अंतिम.रसायन.सिलिकॉन असा पाथ चालतो. एसक्यूएलअल्केमीत डिफर्ड कॉलमांना गटाचं नाव देऊन ते एकत्र उशिरा वाचता येतात, पण तिथेही ते गट आणि कंपोझिटचे गट एकच असायला हवेत असं नाही.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली
थोडं बाजूचं, पण हाच साचा पार्टी मास्टरला (ग्राहक-पुरवठादारांच्या टेबलाला) चपखल बसतो. बिलाचा पत्ता आणि माल पोचवायचा पत्ता: 'पत्ता' क्लास दोनदा. बँक खातं: खाते क्रमांक आणि आयएफएससी एकत्र. खाते क्रमांक अक्षरांत ठेवा, सुरुवातीचं शून्य आकड्यात उडून जातं. आयएफएससी 11 अक्षरी, पाचवं कायम शून्य, ही तपासणी त्याच क्लासमध्ये. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे: आपले 27, आणि कास्टिंग निपाणी-बेळगावला गेलं तर पार्टीचे 29. म्हणून राज्य कोडचा वेगळा कॉलम हाताने भरू देऊ नका, त्या क्लासमधूनच काढा.

भट्टी_आणि_कोड
आतापर्यंत झालेलं: रसायन (बेसमध्ये एकदा, अंतिमनमुन्याच्या आत एकदा), तापनोंद चार वेळा, सही दोनदा, ट्रीटमेंट एकदा, यांत्रिक चाचणी एकदा. टेबलातला एकही कॉलम हलवला नाही. इंपोर्ट एका अपडेटवर आणलं, चेक लावले.

फक्त चार्ज मिक्स अडलंय. दहा मालांचे किलो (पिग आयर्न, सीआरसी स्क्रॅप, रिटर्न, कार्बुरायझर, फेरोसिलिकॉन वगैरे) आणि अकरावा कॉलम एकूण. एकत्र भरले जातात, म्हणून एम्बेडेड करायला गेलो. पण दर थोड्या दिवसांनी नव्या मालाची मागणी येते आणि प्रत्येक हीटला दहातले पाच-सहाच वापरलेले असतात.

काटा_पावती
मग इथे माझी उभी टेबल घ्या! रसायनाबद्दल पंचगंगांचं मान्य केलं, कारण मूलद्रव्यं ठरलेली आहेत. चार्जमध्ये मात्र ही यादी आहे, गट नाही. माल बदलतो, संख्या बदलते, उद्या लॉट नंबर आणि दरही प्रत्येक मालाला हवा होईल. हीट_चार्ज: हीट आयडी, माल आयडी, किलो. प्रायमरी की पहिल्या दोघांची. 'एकूण' हा कॉलम काढूनच टाका, बेरीज करता येते.

पंचगंगा_घाट
इथे मी पूर्णपणे काटा_पावतींच्या बाजूने. जुन्या रिपोर्टसाठी व्ह्यू द्या: हीट आयडीवर ग्रुप बाय, आणि प्रत्येक जुन्या कॉलमच्या जागी सम(किलो) फिल्टर (व्हेअर माल_कोड = 'पिग'). जुनी टेबल आणि व्ह्यू यांची दहाही बेरीज महिन्यानुसार ताडून बघा, जुळल्यावरच जुने कॉलम काढा.

एक फरक हमखास दिसेल. न वापरलेल्या मालाला जुन्या कॉलममध्ये 0 होतं, व्ह्यूमध्ये नल येईल, आणि रिपोर्टात पिग अधिक स्क्रॅप अशी बेरीज असेल तर अख्खं उत्तर नल होईल. प्रत्येक सम भोवती कोअलेस, 0 लावा. आणि हीट_चार्जला हीटकडून लेफ्ट जॉइन करा, नाहीतर चार्ज न भरलेली हीट रिपोर्टातून नाहीशी होईल.

भट्टी_आणि_कोड
लेफ्ट जॉइन राहिलाच होता. लावला. चार्ज न भरलेल्या हीट आता दिसतात, दहाही रकान्यांत 0 येतं. आता महिनेवार ताळा सुरू करतो.